समोरून न दिसणारा जिना

घराच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जास्त डोकं कोण खात असेल तर जिना. दारं-खिडक्या गरीब असतात, एकदा लावल्या की जागेवर राहतात. जिना मात्र प्लॅनमध्ये एक दिसतो, समोरून दुसरा आणि बाजूने तिसराच. प्लॅनमध्ये नुसत्या समांतर रेघा आणि वर चढायचा बाण. समोरून पाहिला तर आडव्या पट्ट्या, दुकानाचं शटर ओढल्यासारख्या. पायऱ्या पायऱ्यांसारख्या दिसतात त्या फक्त बाजूने. कॉम्प्युटरला हे सगळं कळतं, गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि मधल्यामध्ये मी.

मी ड्राफ्टिंग करते. माहेर सावद्याचं. आयटीआय जळगावात केलं आणि पहिली नोकरी मेहरूणच्या एका ऑफिसात, ट्रेसिंग पेपरवर. तिथे चूक झाली की ब्लेडने खरवडायची, आणि जास्त खरवडलं की कागदाला भोक. लग्न होऊन धुळ्याला आले तोवर ड्रॉइंगची मोठी टेबलं गेली होती आणि कॉम्प्युटर आले होते. माहेरी आम्ही मले-तुले म्हणायचो, इथे अहिराणीत माले-तुले. समजायला अडचण नाही, पण सासूबाई भरभर बोलायला लागल्या की अजूनही एखादा शब्द हातून निसटतो. ऑफिस देवपुरात आहे. साहेब इंजिनीयर, ते दिवसभर साइटवर. म्हणजे गिऱ्हाईक आलं की समोर मीच.

आमच्याकडची माणसं प्लॅन वाचत नाहीत. प्लॅन समोर ठेवला की मान डोलावतात, पण ती भिडेपोटी. एलेव्हेशन, म्हणजे घर समोरून दिसतं ते चित्र, मात्र सगळे वाचतात. त्याला एलेव्हेशन कोणी म्हणत नाही, फोटो म्हणतात. 'ताई, घराचा फोटो दाखवा.' अजून पायाही खणलेला नसतो आणि ह्यांना फोटो हवा. तो मोबाइलवर घ्यायचा, भावकीत फिरवायचा, भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर छापायचा. त्यात जे दिसलं ते घरात आहे आणि जे दिसलं नाही ते नाही, असा सरळ हिशेब. मी पहिल्यांदा समजावून सांगायचे. आता आवाज चढतो. सासूबाई म्हणतात, तुझ्या जिभेला हाड नाही. असेल.

गेल्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. साक्री रोडवरच्या एका गावातून एक आबा आले. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांच्या मागून त्यांची सून, तिशीतली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. मुलगा सुरतला कंपनीत. तो आधी येऊन मापं देऊन गेला होता, त्यावरून मी प्लॅन काढून ठेवला होता. जुनं घर पाडून त्याच जागेवर खाली-वर असं नवं बांधायचं. घर कोपऱ्यावर, समोर गावातला मोठा रस्ता आणि बाजूला गल्ली. समोर ओटा, आणि ओट्यावरूनच वर जिना. मुलाने सांगितलं होतं तसंच काढलेलं होतं. फोटो पाहायचा आणि पक्कं करायचं, एवढ्यासाठी आबा आले होते.

दोन खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. सुनेने आपली जरा मागे ओढून घेतली आणि बसली. मी स्क्रीन फिरवला. आबांनी पुढे वाकून पाहिलं. जिना सरळ समोर तोंड करून होता.

"हाऊ शटर काबर लावेल शे?" त्यांनी विचारलं. "आपले दुकान नही करनं."

म्हटलं, आबा, तो जिना आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना फसवायला बसले आहे. मग मी जिना वळवून भिंतीला समांतर लावला. आता पायऱ्या एकेक चढत वर जाताना दिसायला लागल्या.

"आते दखायना," आबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. काम संपलं, असं मला वाटलं. मी प्रिंटची कमांड देणार तेवढ्यात सून बोलली, माझ्याकडे पाहून, हळू आवाजात.

"मॅडम, आबांना सांगा, जिना गल्लीच्या बाजूने पाहिजे."

आबा तिच्यापासून हातभरावर बसले होते. त्यांना ऐकू गेलं होतंच. तेही माझ्याकडेच पाहून म्हणाले, "तिले सांगा, जिना पुढेच राही."

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरांत सून सासऱ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, औषध आणून ठेवते, पण बोलायचं ते सासूमार्फत, नवऱ्यामार्फत, नाहीतर पोरांमार्फत. हिच्या हातात भारीतला मोबाइल होता, ब्लाउजचा गळा बोलत होता की ही बाई शिवणात तरबेज आहे, बोलणंही शाळेतल्या बाईसारखं स्वच्छ. आणि सासऱ्याशी एक शब्द नाही. मला अशा वेळी चीड येते. मी ड्राफ्टिंगला बसले आहे की टपाल वाटायला? पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे.

एवढ्यात आबांचा फोन वाजला. सुरतहून मुलाचा. ऑफिसात रेंज नसते, म्हणून ते बाहेर पायरीवर गेले. ते गेले तशी सुनेने खुर्ची पुढे घेतली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ती शिवणाचा क्लास घेते. गावातल्या मुली येतात, नवीन लग्न झालेल्या सुनाही येतात. क्लास घराच्या मागच्या खोलीत. तिथे जायचं तर ओटा ओलांडून जावं लागतं, आणि ओट्यावर आबा बसलेले, त्यांच्याजवळ गावातले आणखी म्हातारे. सुना पदर सावरत, मान खाली घालून, पाय चोरत जातात. मग रोज-रोज कोण येईल? त्यांच्या घरचे म्हणतात, राहू दे ते शिवण, म्हाताऱ्या माणसांसमोरून किती वेळा ये-जा करायची. एकेक करत बायका गळल्या. आता थोड्याच उरल्यात.

"वरची खोली क्लाससाठी, असं ह्यांनी कबूल केलंय," ती म्हणाली. "पण जिना जर ओट्यावरूनच निघाला तर ती खोली घेऊन काय चाटू? क्लास बंद पडेल, मॅडम. माझं स्वतःचं असं तेवढंच आहे."

तिने हे रडून-बिडून नाही सांगितलं, मशीनला तेल नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं. मी प्लॅन उघडला. पुढची खोली घराच्या पूर्ण रुंदीची होती, मागे गल्लीच्या बाजूला भिंत आत घेतलेली, उजेडासाठी. त्या खाचेत जिना बसत होता. मापं लावून पाहिली, आरामात बसत होता. गल्लीतून वेगळं फाटक, फाटकातून सरळ वर. ओट्याशी संबंधच नाही. मी जिना उचलला आणि तिकडे ठेवला. सुनेचा चेहरा उजळला, तो मी पाहिला.

आबा आत आले. मी म्हटलं, आबा, सुनेचं म्हणणं होतं तसा एकदा लावून पाहिलाय, नुसता बघा तरी. आणि समोरून फोटो काढला. कॉम्प्युटर त्याला जेवढं दिसतं तेवढंच काढतो. समोर ओटा, दार, दोन खिडक्या, वर गॅलरी. जिना खाचेत, भिंतीच्या आड. म्हणजे फोटोत जिना नाही.

आबांनी बराच वेळ पाहिलं. "जिना कोठे शे?"

"आहे. भिंतीमागे आहे, म्हणून दिसत नाही."

"दखास नही म्हंजे नहीच," आबा म्हणाले. "लोके म्हंतीन, माडी बांधी पन जिनाच नही शे. शिडी लाईसन चढतस का?"

मी म्हटलं, थांबा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आड गेलेल्या वस्तूही दाखवता येतात, तुटक रेघांनी. ती सोय मी चालू केली. भिंतीवर तुटक रेघांचा जिना उमटला. मला तर छान दिसत होता. आबा म्हणाले, "हाऊ तुटेल शे का?" मी सांगितलं, तुटका नाही, आडचा आहे. ते म्हणाले, घर बांधायच्या आधीच फोटोत भिंतीला तडे दिसतात, हे काही बरं लक्षण नाही.

मग मी बाजूचं एलेव्हेशन काढलं, गल्लीतून दिसतं ते. त्यात जिना असा काही देखणा दिसत होता, की एखाद्या इंजिनीयरिंगच्या पोराला शिकवायला दाखवावा. खालपासून वरपर्यंत एकेक पायरी, कठडा, वर दार.

आबांनी मान तिरकी केली. "हाई कोनं घर शे?"

"तुमचंच."

"हाई मनं घर नही. मनं घर असं नही दखास."

आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आबा, घराला चार बाजू असतात. माणूस पुढून एक दिसतो, बाजूने एक दिसतो, म्हणून काय दोन माणसं होतात? ते शांतपणे म्हणाले, ताई, लगीन ठरवताना फोटो समोरून काढतात, बाजूने कोणी काढत नाही. सुनेने पदराआड तोंड नेलं. ती हसली की चिडली, मला समजलं नाही. मी चहा मागवला.

चहा होईपर्यंत मी मनातल्या मनात आबांवर जळत बसले. हे सगळं मिरवण्यासाठी, असं मी धरून चालले होते. माझ्या कामात मी हे रोज पाहते. लोक मागच्या खोलीला खिडकी ठेवत नाहीत आणि पुढे गॅलरीला गोल खांब लावतात. रस्त्यावरून जाणाऱ्याने मान वर करून पाहिलं पाहिजे. घरात राहणारी बाई अंधारात भाकरी थापेल, तिचं काय? हिचा क्लास बुडाला तरी चालेल, पण गावाला जिना दिसला पाहिजे. मी कपबशी जरा आपटूनच ठेवली.

चहा झाल्यावर म्हटलं, शेवटचा प्रयत्न. मी घर थ्रीडीमध्ये उघडलं आणि सावकाश फिरवलं. ओट्यापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून गल्लीत, गल्लीतून फाटकात. असं हळूहळू फिरवलं की माणसाला आपण चालत गेलो असं वाटतं. आबांनी हे सलग पाहिलं आणि मान हलवली. हां, आपला कोपरा, आपली गल्ली. घर ओळखलं एकदाचं. जिन्यावर कोणीतरी चढताना दिसलं तर बरं, म्हणून मी सॉफ्टवेअरमधली एक बाई उचलून मधल्या पायरीवर उभी केली. त्यातल्या सगळ्या बाया परदेशी. ही गुडघ्यापर्यंतचा झगा घातलेली, केस मोकळे, खांद्याला पर्स.

"हाई कोन?" आबांनी विचारलं.

"तुमची सून," मी म्हटलं.

सुनेने कपाळाला हात लावला. आबा हसले, दात दिसेपर्यंत हसले. मलाही बरं वाटलं. म्हटलं, आता जमलं. पण हसू ओसरलं तरी ते स्क्रीनकडेच पाहत राहिले. त्या झग्यातल्या बाईकडे, मग फाटकाकडे, मग परत बाईकडे. त्यांनी बोट पुढे केलं आणि गल्लीतून फाटक, फाटकातून जिना, असं काचेवर फिरवलं.

"हाई अशी वर गयी," ते म्हणाले, "ते माले कसं समजी?"

मी म्हटलं, तुम्हाला कशाला समजायला पाहिजे? जरा तोडूनच म्हटलं.

ते मला म्हणाले, तिच्याकडे न पाहता, आणि अहिराणीतच म्हणाले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आबांची बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगा सुरतला, नातू शिकायला बापाजवळ. घरात दोनच माणसं, ते आणि सून, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. ओट्यावर म्हातारे बसतात ते सकाळचे. ऊन चढलं की आपापल्या घरी जातात. मग ओट्यावर एकटे आबा. सून पाण्याला जाते तेव्हा पुढून जाते, दळणाला जाते तेव्हा पुढून जाते. तिच्या क्लासच्या पोरी येतात-जातात. पदर घेतात, मान खाली घालतात, बोलत कोणीच नाही, पण जातात. कोण आलं, कोण गेलं, एवढं समजतं. घरात माणूस आहे हे समजतं.

"जिना तिकडे गया," ते म्हणाले, "ते मना पुढून कोन जाई?"

खरं सांगायचं तर मी तासभर ह्या माणसाला गावाला मिरवणारा म्हणून मोजत होते आणि त्याला फक्त कुणीतरी समोरून जायला हवं होतं. सून खाली पाहत होती. ओटीत घेतलेल्या आबांच्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिलाही हे माहीत नसावं. कसं माहीत असेल? सांगायला मध्ये कोणी नव्हतं.

मग आबांनी आपल्या परीने तोड काढली. त्यांना वाटलं असेल, दोघांचंही होऊन जाईल.

"तिले सांगा, जिना राहू दे तिकडेच. मना ओटा बी तिकडे ल्या. जिनाना खाले."

झालं. म्हणजे जिना गल्लीत, आणि जिन्याच्या पायथ्याशी आबा. क्लासला येणाऱ्या सगळ्या सुना परत त्यांच्यासमोरूनच, मान खाली घालून, पाय चोरत. आगीतून फुफाट्यात. मी सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा मगाशी उजळला होता तेवढाच आता उतरला होता. आता ती मला 'आबांना सांगा' म्हणेल आणि मला ह्या एकट्या म्हाताऱ्याला नाही म्हणावं लागेल, ह्या विचाराने मला दोघांचाही राग आला. आणि माझाही. माऊस हातात धरून बसून राहिले. ओटा उचलून तिकडे ठेवायला किती वेळ लागतो? एक क्लिक. तेवढं माझ्याने होईना.

सून मला काहीच म्हणाली नाही. तिने पिशवीचा बंद सोडला, खुर्ची आबांच्या रेषेत पुढे ओढली आणि त्यांच्याकडे वळली. डोक्यावरचा पदर तसाच होता.

"आबा," ती म्हणाली, "ओटा पुढेच राहू द्या. मी वर जाताना तुमले सांगीसन जासू. खाले उनू का परत सांगसू. कोन कोन उनं, ते बी सांगसू."

ती माझ्याशी मराठीत बोलत होती, त्यांच्याशी अहिराणीत बोलली. आबा माझ्याकडे पाहायला लागले. मी मुद्दाम स्क्रीनकडे पाहिलं. इतका वेळ इकडचं तिकडे केलं, आता नाही.

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मग तिच्याकडे वळले. मला वाटतं, तिचा चेहरा त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला असेल. लग्नात पाहिला असेल तर असेल.

"मोठाथीन सांगजो, बेटा," ते म्हणाले. "माले आते कमी ऐकू येस."

मी प्रिंट काढायला उठले. प्रिंटर आतल्या खोलीत आहे ते बरं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ऑफिसात मी गिऱ्हाइकासमोर रडत नाही. समोरचा फोटो आधी निघाला. त्यात ओटा होता, दार होतं, दोन खिडक्या होत्या, जिना नव्हता. बाहेरच्या खोलीतून सुनेचा आवाज येत होता. काय बोलत होती ते कळलं नाही, पण मोठ्याने बोलत होती.